हेरकादंबरीतला भूगोल कापू नका

प्रति,
संपादक,
रविवार पुरवणी

महोदय,

हेरकादंबरीचं परीक्षण छापून आलं की त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘कथानक वेगवान आहे, मात्र स्थळवर्णनं रेंगाळतात.’ संक्षिप्त आवृत्ती करायला बसलेले संपादकही पहिली कात्री तिथेच लावतात. सराईची दोन पानं, स्टेशनाचं एक, पुलाचा अर्धा परिच्छेद असं करत छपाईच्या पानांचा एक अख्खा गठ्ठा (फॉर्म) वाचवला जातो. मग वाचकाला प्रश्न पडतो की हा माणूस नेमका त्याच दारातून का गेला, आणि ते दुसऱ्याला दिसलं तरी कसं? उत्तर कापलेल्या पानांवर गेलेलं असतं.

सामाजिक कादंबरीतलं पावसाचं वर्णन गाळलं तर फार तर वातावरण जाईल. हेरकथेचं तसं नाही. हेराचं काम म्हणजे नजरेत न भरता एका जागेतून दुसरीत जायचं, काहीतरी घ्यायचं किंवा द्यायचं आणि परत यायचं. त्यामुळे भिंत विटांची की फळ्यांची, दिवे किती वाजता लागतात, स्टेशनाला जिने किती, यावर कथेचा पुढचा टप्पा ठरतो.

रुडयार्ड किपलिंगची १९०१ सालची ‘किम’ घ्या. लेखकाचा जन्म मुंबईचा, १८६५ चा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. पुढे वडील लाहोरच्या संग्रहालयाचे प्रमुख झाले आणि मुलानं १८८२ पासून पाच वर्षं लाहोरच्याच वृत्तपत्रात नोकरी केली. त्यामुळे कादंबरीतलं लाहोर पायाखालचं आहे. त्याची साम्राज्यवादी दृष्टी आज खटकते आणि खटकायलाच हवी, पण जागा उभी करण्यात हा गडी पक्का.

सुरुवातीलाच रेल्वे स्टेशनासमोरच्या काश्मिरी सराईचं वर्णन येतं. मधोमध मोठं मोकळं आवार, चहूबाजूंनी कमानींचे सोपे. दोन खांबांमधली जागा कुठे विटांनी, तर कुठे फळ्यांनी बंद करून खोल्या काढलेल्या, त्यांना जड लाकडी दारं आणि अवजड देशी कुलपं. परीक्षकांच्या लेखी हा सगळा रंग. थोड्याच पानांनी दिल्लीहून आलेला एक माणूस घोड्यांचा व्यापारी महबूब अली याच्या खोलीची झडती घेतो, आणि किम फळीतल्या गाठीच्या भोकाला डोळा लावून ती पाहतो. हा माणूस कागद उलथेपालथे करतोय, सपातांच्या तळव्यांत आडवा चाकू सारून पाहतोय, म्हणजे हा भुरटा चोर नव्हे, हे पोराच्या लक्षात येतं आणि ते रातोरात लाहोर सोडायचं ठरवतं. आता वर्णनातून ‘फळ्यांनी’ काढून टाका. भोक गेलं, झडती दिसली नाही, पोरगं तिथेच झोपून राहिलं. म्हणजे कादंबरी संपली!

पुढे तिसऱ्या वर्गाच्या डब्यातला प्रसंग आहे. मराठी वाचकाने तो मुद्दाम पाहावा, कारण पागोट्याच्या बांधणीवरून ‘मराठा’ वाटणारा एक किरकोळ अंगाचा माणूस घाबराघुबरा होऊन डब्यात शिरतो, आणि तो किम ज्यांच्यासाठी काम करतो त्या ब्रिटिश गुप्तहेर खात्याचाच हेर निघतो. मागावरचे लोक दिल्लीला वाट पाहत आहेत. किम चालत्या गाडीतच त्याचा राख फासलेला साधू करतो. हा प्रसंग पटतो तो डब्यामुळे. पहिल्या वर्गात राख कुठून आणणार? शिवाय एका जागी बसलेला सभ्य गृहस्थ स्टेशन येईपर्यंत साधू झाला तर बोंबाबोंब होणार. तिसऱ्या वर्गात चिलीम आहे, शिदोऱ्या आहेत, आजारी पोराला घेऊन निघालेला शेतकरी आहे, आणि हे सगळं जादूटोण्याच्या खात्यावर टाकून मोकळे होणारे सहप्रवासी आहेत. कोण काय बरोबर घेऊन बसलंय याची यादी लेखकाने आधी ‘रेंगाळत’ दिली, ती याचसाठी.

त्याच पुस्तकात अंतर मोजण्याचा धडा आहे. जरीब, म्हणजे जमीन मोजायची साखळी, घेऊन हिंडलं की संशय येतो, म्हणून हेराने आपल्या पावलाची लांबी पक्की ठाऊक ठेवावी आणि हजारो पावलांचा हिशोब माळेवर ठेवावा. माळ ८१ किंवा १०८ मण्यांची, कारण या आकड्यांचे भाग पाडता येतात. यामागे खरी माणसं होती. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्व्हे (भूमापन) खात्यातल्या कॅप्टन माँटगोमेरीच्या योजनेत कुमाऊँचे नैनसिंग रावत यांना डेहराडूनला शिकवून तयार केलं गेलं. १८६५ मध्ये निघून ते वेष पालटून काठमांडूमार्गे पुढच्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. त्यांची पद्धत कादंबरीतल्यापेक्षा सरळ होती. पाऊल इतकं घोटून घेतलेलं की २००० पावलांचा एक मैल व्हावा, म्हणजे एक पाऊल पावणेबत्तीस इंचांच्या आसपास. चढ असो, उतार असो, पाऊल तेच. दर १०० पावलांना एक मणी. माळेत मणी १०८ ऐवजी १००, म्हणजे पूर्ण माळ फिरली की १०,००० पावलं, बरोबर पाच मैल.

१०८ ची खरी जपमाळ ठेवली असती तर एका फेरीला १०,८०० पावलं, म्हणजे ५.४ मैल. दमलेल्या माणसाला थंडीत असे अपूर्णांक रोज मांडायला लावले की चूक ठरलेलीच. उलट १०० मण्यांत धोका एवढाच की कुणी मणी मोजले तर सोंग फुटणार. पण दुसऱ्याची माळ हातात घेऊन मोजतं कोण? नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात मंत्राच्या गुंडाळीच्या जागी, पारा कवड्यांत, सेक्स्टंट हे कोन मोजायचं यंत्र पेटीच्या चोरकप्प्यात. पारा भिक्षापात्रात ओतला की सपाट आरसा तयार. त्यातलं ताऱ्याचं प्रतिबिंब धरून उंचीचा कोन घ्यायचा आणि त्यावरून अक्षांश काढायचा. समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र पाणी उकळून. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंश सेल्सिअसने उतरतो, म्हणून ल्हासाच्या ३६५० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. तापमापी वाचताना अर्ध्या अंशाची गफलत झाली की नकाशावर दीडशे मीटरचा डोंगर वाढतो किंवा गायब होतो. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये नैनसिंगांना सुवर्णपदक दिलं. एवढं ठाऊक असलेल्या वाचकाला कादंबरीतली माळेची ओळ निराळीच लागते. ठाऊक नसलेल्याला ही माहिती खाली एका तळटीपेत सांगता येते. पण त्यासाठी ओळ आधी शिल्लक तर राहिली पाहिजे.

आता बर्लिन. शीतयुद्धाच्या हेरकादंबऱ्यांचं हे माहेरघर, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ याच शहराबद्दल. भिंत म्हणजे शहराच्या मधोमध ओढलेली सरळ रेघ, अशीच बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात पश्चिम बर्लिन सगळीकडून पूर्व जर्मनीने वेढलेलं होतं. १३ ऑगस्ट १९६१ ला तारा ओढायला सुरुवात झाली. पुढे झालेल्या कुंपणाची एकूण लांबी सुमारे १५५ किलोमीटर; त्यातले पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मधले जेमतेम ४३. उरलेलं कुंपण शेतं, तळी आणि जंगलातून जायचं. ‘पश्चिमेकडे पळाला’ म्हणजे प्रत्येक वेळी तो नकाशावर डावीकडेच पळाला असं नव्हे. शहराच्या पश्चिम टोकाला पात्र पश्चिमेकडे पळालं तर ते थेट पूर्व जर्मनीत.

मग येतात सीमेवरची नाकी. कोणी कुठल्या नाक्यावरून जायचं हे ठरलेलं असे. फ्रीडरिशस्ट्रासवरचं चेकपॉइंट चार्ली परदेशी नागरिक, राजनैतिक अधिकारी आणि दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी. पश्चिम जर्मनीच्या नागरिकाने तिथून जायचं नाही, त्याचं नाकं हाइनरिश-हाइने-स्ट्रास. पश्चिम बर्लिनच्या रहिवाशांसाठी आणखी वेगळी नाकी, आणि १९६१ च्या ऑगस्टनंतर १९६३ च्या नाताळापर्यंत तर त्यांना पूर्वेत जवळजवळ प्रवेशच नव्हता. त्यामुळे लेखकाने पात्राला कोणत्या नाक्यावर उभं केलंय यावरून त्याच्या खिशातला पासपोर्ट कळतो, आणि तो त्याच्या बोलण्याशी जुळत नसेल तर पाणी कुठे मुरतंय तेही. जॉन ल कारेची १९६३ सालची गाजलेली कादंबरी ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ अशाच एका नाक्यावर वाट पाहण्याने सुरू होते. लेखक स्वतः तेव्हा बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत होता. शेवट सांगत नाही. न वाचलेले पुष्कळ असतील.

चेकपॉइंट चार्लीचं नाव सिनेमांमुळे सगळ्यांना माहीत. हेरकथेच्या दृष्टीने त्याहून सरस जागा म्हणजे फ्रीडरिशस्ट्रास स्टेशन. हे स्टेशन अख्खं पूर्व बर्लिनच्या हद्दीत. तरी पश्चिमेची भुयारी गाडी, आजची यू-६, त्याच्या पोटात येऊन थांबायची. त्याच मार्गावरची पूर्वेतली बाकीची स्टेशनं बंद होती, मंद उजेडात पहारेकरी दिसायचे आणि गाडी न थांबता वेग कमी करून पुढे जायची. फ्रीडरिशस्ट्रासला उतरलेला माणूस पासपोर्ट न दाखवता जिने चढून एस-बान या शहरी रेल्वेच्या फलाटावर जाऊ शकायचा, तिथल्या सरकारी दुकानात परकीय चलनात स्वस्त दारू-सिगारेट घ्यायचा आणि दुसरी गाडी पकडून पश्चिमेत परतायचा. पलीकडच्या फलाटावर पूर्वेच्या गाड्या, मध्ये पत्र्याची भिंत. म्हणजे कागदोपत्री सीमा ओलांडलीच नाही, आणि उभा मात्र पूर्वेच्या जमिनीवर! या फलाटावर एखादं पात्र सिगारेटचं पाकीट विकत घेताना दिसलं तर वाचकाने सावध व्हावं. स्टेशनाचे जिने आणि पातळ्या गाळून अनुवाद केला की उरतो तो ‘स्टेशनवर सिगारेट घेतली’ एवढाच मजकूर.

त्यात आणखी एक गंमत. एस-बान पश्चिम बर्लिनमध्येसुद्धा पूर्व जर्मनीचीच रेल्वे चालवत असे, जानेवारी १९८४ पर्यंत. भिंत उभी राहिल्यावर पश्चिमेच्या लोकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला, डबे रिकामे धावू लागले. पाठलाग होतोय का हे तपासायला रिकामा डबा चांगला, कारण मागे येणारा लगेच दिसतो. स्वतः मागावर असाल तर तोच डबा वाईट. त्या काळातल्या कथेत पश्चिम बर्लिनमधली एस-बान गर्दीने भरलेली दाखवली असेल तर लेखकाने घरबसल्या लिहिलंय असं समजायला हरकत नाही.

एका दिवसाच्या परवान्यावर पूर्वेत गेलेल्या परदेशी माणसाला मध्यरात्रीपर्यंत परतावं लागे. ऑक्टोबर १९८० पासून रोज २५ मार्क सक्तीने बदलून घ्यावे लागत, आणि पूर्वेचे मार्क बाहेर नेण्याची बंदी. रात्री साडेअकराला पात्र निष्कारण महागडी ब्रँडी मागवतंय, नको असलेलं पुस्तक विकत घेतंय, हे उधळेपणाचं लक्षण नसतं. खिसा रिकामा करून नाक्यावरचा प्रश्न टाळायचा असतो.

भिंतसुद्धा सालानुसार बदलली. १९६२ ची भिंत म्हणजे काँक्रीटचे ठोकळे ओबडधोबड रचलेले, वर वाय आकाराच्या लोखंडावर काटेरी तार. सिनेमातून आपल्या डोळ्यांसमोर असलेली, इंग्रजी एल आकाराच्या सलग पाट्यांची, ३.६ मीटर उंचीची आणि वर हात ठरू नये म्हणून गोल पाइप बसवलेली भिंत १९७५ नंतरची. पूर्वेकडून निघालेल्याला ती सगळ्यात शेवटी लागे. त्याआधी आतली भिंत, हात लागताच इशारा देणारं कुंपण, मनोरे, दिव्यांची रांग, गस्तीचा रस्ता आणि पाऊल उमटावं म्हणून विंचरून ठेवलेला वाळूचा पट्टा. १९६२ च्या कथेतला माणूस शिडी लावून तारेवर ब्लँकेट टाकतो ते शक्य कोटीतलं. १९८० च्या कथेत तसं लिहिलं तर हसू येईल. रंगीबेरंगी चित्रांची भिंत तर बरीचशी १९८० च्या दशकातली, आणि तीही पश्चिमेकडच्या बाजूला. साठच्या दशकातल्या कथेच्या मुखपृष्ठावर ती छापणाऱ्यांनी निदान आतला मजकूर चाळावा.

या सगळ्यावर सोपा उपाय आहे: नकाशा छापा. आजचा मोबाइलमधला नकाशा इथे कामाचा नाही, त्यात बर्लिन एकसंध दिसतं आणि बंद स्टेशनं उघडी. कथेच्या सालाचा, एकरंगी रेघांचा नकाशा पुरे. करताना चार गोष्टी हमखास बिघडतात. डेमी आकारात नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरला की मधला भाग शिवणीत जातो, आणि बर्लिनच्या बाबतीत नेमकी भिंतच जाते. त्यापेक्षा तो एकाच पानावर आडवा घालावा किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला घ्यावा. प्रमाण ‘१ : २५,०००’ असं आकड्यात दिलं की छपाईसाठी नकाशा लहान करताना ते खोटं ठरतं, म्हणून मोजपट्टी काढावी, ती नकाशाबरोबर लहान होते. अक्षरं सात पॉइंटाच्या खाली नेली की देवनागरीतले रफार आणि अनुस्वार बुजतात, तेव्हा नावं थोडी आणि कथेत येणारीच घ्यावीत. आणि नकाशातलं लेखन मजकुराशी जुळवावं. आत एक आणि नकाशात भलतंच असलं की वाचक दोन वेगळे रस्ते समजतो.

वाचणाऱ्यालाही थोडं काम आहे. पहिल्या वाचनात थांबू नये, गोष्ट धावू द्यावी. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन प्रत्येक भेटीची जागा, वेळ आणि तिथून बाहेर पडायच्या वाटा नकाशावर टिपाव्यात. चांगल्या लेखकाची अंतरं आणि वेळा जुळतात. चार किलोमीटर चालायला त्याचा माणूस पाऊण-एक तास घेतो आणि पावसात जास्त. ज्याची दहा मिनिटांत उरकतात त्याचं पुस्तक तिसऱ्यांदा हातात घ्यायची गरज नाही.

मराठीत रहस्यकथा आणि हेरकथा उदंड झाल्या. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर पिढ्या पोसल्या. त्यांत वेग आहे, हिकमती आहेत, पण जागा बहुतेक वेळा ‘एक आलिशान बंगला’ किंवा ‘बंदराजवळचा निर्जन भाग’ एवढ्यावर भागते. आपल्याकडे जागा नाहीत असं थोडंच आहे? १९४३ चा गोवा पाहा. पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मन जहाजं आणि आन्फोरा हे इटालियन जहाज मुरगाव बंदरात आसऱ्याला. एहरेनफेल्सवरून पाणबुड्यांना बातम्या जातात असा ब्रिटिशांना संशय. ८ मार्चच्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळाच्या पोक्त माणसांची एक तुकडी ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून बंदरात घुसली. बार्ज कलकत्त्याहून समुद्रमार्गे आलेली, माणसं रेल्वेने कोचीनला येऊन चढलेली. एहरेनफेल्स बुडालं, बाकीची जहाजं त्यांच्याच खलाशांनी बुडवली.

तारीख तपासली की जागेचं महत्त्व आणखी पटतं. त्या वर्षी ईस्टर २५ एप्रिलला, म्हणजे राखेचा बुधवार, कार्निव्हल संपून ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्याचा दिवस, १० मार्चला, आणि ८ तारखेची रात्र ऐन कार्निव्हलची. अमावास्या ६ तारखेची, म्हणजे ८ ला चंद्राची कोर संध्याकाळीच मावळलेली आणि भरती उधाणाच्या जवळपास. किनाऱ्यावर नाचगाणी, पाण्यावर काळोख. जमिनीवरून यायचं तर मीटरगेजची गाडी: ब्रिटिश हद्दीत कॅसलरॉक, मग दूधसागरचा घाट, पोर्तुगीज बाजूला कुळे, आणि दोन्हीकडे झडती. हेरकथाकाराला आणखी काय हवं? लिहायचं कुणी मनावर घेतलंच तर जुनं पंचांग, त्या वर्षीचं चर्चचं कॅलेंडर, भरती-ओहोटीचा तक्ता आणि रेल्वेचं वेळापत्रक जमवावं, आणि बंदराचा नकाशा १९४३ च्या आधीचाच मिळवावा. आज मुरगावला दिसणारे बरेच धक्के नंतरचे आहेत.

आपला,
एक वाचक
डोंबिवली